गेम मुळात कुठल्या मशीनचा, ते आधी विचार

बाळा, लॅपटॉप घ्यायला निघाली आहेस आणि त्यावर जुने प्लेस्टेशनचे, निन्टेन्डोचे गेमही चालायला हवेत म्हणतेस, तर दुकानात जाण्याआधी एवढं ऐकून जा. लॅमिंग्टन रोडवर काउंटरमागे बसून मी वर्षानुवर्षं एकच तक्रार ऐकत आलोय. मशीन नवं, ग्राफिक कार्ड महागातलं, आणि वीस वर्षांपूर्वीचा गेम मात्र लॅग मारतो. अशा वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गेम मुळात कुठल्या मशीनसाठी लिहिलाय आणि आपल्या मशीनवर चालवताना त्यातलं नेमकं काय बदलून घ्यावं लागतंय? प्रोसेसरच्या सूचना, ग्राफिक्सच्या सूचना, की नुसती विंडोजकडे केलेली मागणी? एवढं कळलं की पैसे कुठे घालायचे ते कळतं.

सगळ्यांत महाग पडतो तो वेगळ्या जातीचा प्रोसेसर. प्लेस्टेशन टूचा प्रोसेसर मिप्स जातीचा, गेमक्यूबचा पॉवरपीसी, तुझ्या लॅपटॉपमधला इंटेल नाहीतर एएमडीचा. एकाच्या सूचना दुसऱ्याला ओ की ठो कळत नाहीत, म्हणून इम्युलेटर दुभाष्यासारखा मध्ये बसतो. साधा इम्युलेटर एकेक सूचना वाचतो, तिचा अर्थ लावतो, काम करून घेतो, आणि तीच सूचना हजारदा आली तर हजारदा तेवढाच खटाटोप करतो. हा इंटरप्रिटर. दुसऱ्या पद्धतीत सूचनांचा एक तुकडा एकदाच आपल्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवून मेमरीत ठेवतात आणि पुढे तो तयार तुकडाच चालवतात. हा रिकंपायलर, यालाच जिट म्हणतात. दोघांच्या वेगात कित्येक पटींचा फरक असतो. म्हणून कुठलाही इम्युलेटर उघडलास की आधी सेटिंगमध्ये जाऊन सीपीयूपुढे रिकंपायलर लागलाय ना ते बघ. कुणीतरी चाचणीसाठी इंटरप्रिटर लावून ठेवलेला असतो आणि पोरं नवं कार्ड घ्यायला निघतात.

आयफोनवरचं कोडंही इथेच सुटतं. ॲपलने एप्रिल २०२४ मध्ये ॲप स्टोअरवर जुन्या कन्सोलच्या इम्युलेटरना परवानगी दिली, पण जिटला दिली नाही. त्यामुळे गेमबॉय, सुपर निन्टेन्डो तिथे मजेत चालतात. गेमक्यूब मात्र अडतो, चिप कितीही दणकट असली तरी. उलट बेताच्या अँड्रॉइड फोनवर पीपीएसएसपीपी या इम्युलेटरमध्ये पीएसपीचे गेम छान पळतात, कारण तिथे जिटला आडकाठी नाही आणि पीएसपीचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३३३ मेगाहर्ट्झचा.

आता मेगाहर्ट्झची भूल. "जुनं मशीन दोन मेगाहर्ट्झचं, माझं चार गिगाहर्ट्झचं, मग अडतं कशाला?" असं तू विचारणार, सगळेच विचारतात. तुझी आई आणि मी टीव्हीला जोडायच्या गेममध्ये कॅसेट घालून मारिओ खेळायचो ना, त्याचंच घे. ते मशीन निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल होतं. मूळ फॅमिकॉमचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा. मारिओच्या पडद्यावर वर स्कोअर, नाणी, वेळ स्थिर दिसतात आणि खालचं जग मात्र मारिओबरोबर सरकत जातं. त्या मशीनच्या चित्र काढणाऱ्या चिपला एका वेळी एकच सरकणं कळायचं. मग वरचा भाग थांबलेला आणि खालचा धावता, हे जमायचं कसं? वरच्या पट्टीत नाण्याचं छोटं चित्र आहे. त्याच्या तळाशी गेमने एक खास चित्र लपवलेलं असतं. टीव्हीवर ओळीमागून ओळ उमटत जाते, ती त्या नाण्यापाशी पोचली की चिप एक खूण वर करते. गेमचा प्रोसेसर त्या खुणेची वाट बघत थांबलेला असतो. खूण दिसली की तो सरकण्याचा आकडा बदलतो आणि उरलेला पडदा नव्या जागेवरून काढला जातो. सेकंदाला ६० वेळा हे असंच.

इम्युलेटरने इथे वेळ चुकवली की वरची पट्टी थरथरते. खूण उठलीच नाही तर गेम तिची वाट बघत कायमचा हँग. म्हणून इम्युलेटरला आधी सगळ्या सूचना उरकून मग चित्र काढून टाकता येत नाही. प्रोसेसर एक पाऊल पुढे, चित्राची चिप तीन ठिपके पुढे, परत प्रोसेसर एक पाऊल, असं दोघांना हाताला धरून चालवावं लागतं. त्या कॅसेटवाल्यांनी प्रत्येक क्षणाचा हिशोब ठेवून गेम लिहिले होते. तो हिशोब जुळवण्यातच आपल्या गिगाहर्ट्झची ताकद जाते. मला याचं कायम कौतुक वाटत आलंय.

अचूकपणाची किंमत किती, ते सुपर निन्टेन्डोवर दिसलं. १९९७ चा झेडएसएनईएस हा इम्युलेटर पेंटियमच्या जमान्यातल्या मशीनवरही पळायचा, कारण त्याने हिशोबात सवलती घेतल्या होत्या. नावाजलेले गेम चालायचे. पण 'एअर स्ट्राइक पॅट्रोल' नावाच्या गेममध्ये विमानाखालची सावली उमटायचीच नाही, कारण ती सावली पडद्याची ओळ निम्मी काढून झालेली असताना मध्येच केलेल्या बदलातून तयार व्हायची. बायू या टोपणनावाच्या प्रोग्रॅमरने हिशोब पुरता पाळणारा बीएसएनईएस लिहिला, तेव्हा २०११ च्या सुमारास त्याला तीन गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर लागायचा. मूळ मशीन होतं साडेतीन मेगाहर्ट्झचं! तेव्हा एखादा इम्युलेटर जड वाटला तर लगेच नावं ठेवू नकोस. तो कदाचित जास्त प्रामाणिकपणे काम करत असेल. तुझ्या आवडीच्या गेमला सवलतीचा इम्युलेटर चालत असेल तर जुन्या लॅपटॉपवर तो वापर, आणि काही चुकीचं दिसलं तरच अचूक इम्युलेटरकडे जा.

सवलतीची दुसरी तऱ्हा १९९९ च्या अल्ट्राएचएलईने दाखवली. निन्टेन्डो ६४ अजून दुकानात विकला जात होता आणि हा पेंटियम टूच्या काळातल्या पीसीवर त्याचे गेम चालवत होता, मात्र थ्रीडीएफएक्सचं कार्ड हवंच. त्याने चिपची सगळी हालचाल न उतरवता गेमला काय हवंय ते वरच्यावर ओळखून थेट कार्डाला सांगितलं. मोजकेच गेम चालले, पण जे चालले ते सुसाट.

प्लेस्टेशन टूकडे वळू, कारण तुझा जीव तिथे आहे. त्याचा प्रोसेसर सुमारे २९५ मेगाहर्ट्झचा, सोबत गणितं करणारी दोन वेगळी व्हेक्टर युनिटं, वर ग्राफिक्सची चिप. गेम लिहिणारे या सगळ्यांना एकाच वेळी कामाला लावत. इम्युलेटरला हे सगळे एकमेकांशी जुळवून चालवावे लागतात, त्यामुळे तुझ्या आठ-दहा कोअरवर काम मनासारखं वाटता येत नाही. दोन-तीन कोअर भरतात, बाकीचे बसून राहतात. म्हणून लॅपटॉप घेताना कोअर किती हे विचारू नकोस, एक कोअर किती वेगात पळतो ते विचार. पीसीएसएक्स टू या प्लेस्टेशन टूच्या इम्युलेटरमध्ये दुसरं व्हेक्टर युनिट वेगळ्या थ्रेडवर टाकायचं सेटिंग आहे, एमटीव्हीयू नावाचं. चार किंवा जास्त कोअर असतील तर ते चालू ठेव, बहुतेक गेमना फायदाच होतो. सोनीलासुद्धा हे काम सोपं गेलं नाही. २००६ चे पहिले प्लेस्टेशन थ्री जुने गेम चालवायचे ते आत प्लेस्टेशन टूच्या खऱ्या चिपा बसवून.

प्लेस्टेशन थ्रीची गोष्ट निराळी. त्याच्या सेल प्रोसेसरमध्ये एका मुख्य कोअरबरोबर गेमच्या हाताशी सहा मदतनीस कोअर असायचे, म्हणून त्याच्या आरपीसीएस थ्री या इम्युलेटरला कोअरही जास्त लागतात. त्याशिवाय प्रोसेसरला एव्हीएक्स-५१२ सूचना येत असतील तर मोठी उचल मिळते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या झेन फोर चिपांमध्ये त्या आहेत. इंटेलने बाराव्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमध्ये त्या बंद केल्या. प्लेस्टेशन थ्रीचे गेम मनापासून हवे असतील तर हे एवढं दुकानदाराला विचारच.

गेम अडखळायला लागला की एकदम दहा सेटिंगं बदलायची नाहीत. एकेक तपासायचं. आधी बघ स्पीड किती टक्के दाखवतोय. एफपीएस ३० दिसले म्हणून घाबरू नकोस, पुष्कळ गेम मुळातच ३० चे होते. स्पीड १०० टक्के असेल तर इम्युलेटर आपलं काम बरोबर करतोय. आणि काही गेम त्यांच्या मूळ मशीनवरही अडखळायचे. २००५ चा 'शॅडो ऑफ द कोलोसस' प्लेस्टेशन टूवर मोठे राक्षस आले की धापा टाकायचा. तिथे दोष तुझ्या लॅपटॉपचा नाही.

स्पीड १०० च्या खाली येत असेल तर इंटर्नल रिझोल्यूशन एक पट कर, म्हणजे मूळ मशीनइतकं. लगेच सुधारलं तर ग्राफिक कार्ड दमत होतं. काहीच फरक पडला नाही, आवाजही तुटक, खरखरीत येतोय, तर प्रोसेसर कमी पडतोय, आणि मग कितीही भारी कार्ड घातलंस तरी उपयोग नाही. दहा-पंधरा मिनिटं नीट चालून मग ढेपाळत असेल तर मशीन तापतंय. पंखा साफ कर, लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस, चार्जर लावून खेळ. बॅटरीवर प्रोसेसर आपला वेग उतरवतो. विदर्भातल्या मे महिन्यात तर चांगला लॅपटॉपही दुपारी वेगळा आणि पहाटे वेगळा वागतो. म्हणून दुकानात दोन मिनिटांचा डेमो बघून पैसे देऊ नकोस. अर्धा तास गेम चालू ठेवायला सांग आणि शेवटच्या पाच मिनिटांत स्पीड बघ.

आणि एक अडखळणं असं असतं की नव्या ठिकाणी पहिल्यांदा गेलीस, पहिला स्फोट झाला, की क्षणभर सगळं गोठतं, आणि पुन्हा तिथेच गेलीस तर काही होत नाही. हा शेडरचा प्रकार. गेमक्यूबची ग्राफिक चिप कुठलाही नवा परिणाम क्षणात दाखवायची. आपल्या कार्डासाठी मात्र इम्युलेटरला त्या परिणामाचा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे शेडर, तिथल्या तिथे तयार करावा लागतो. ६० चित्रांच्या हिशोबाने एका चित्राला सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात, आणि प्रोग्रॅम तयार व्हायला त्याहून जास्त वेळ जातो. डॉल्फिन या गेमक्यूबच्या इम्युलेटरच्या मंडळींनी २०१७ मध्ये याला उत्तर काढलं, उबरशेडर. एकच मोठा प्रोग्रॅम लिहायचा, जो त्या चिपचंच काम कार्डावर करतो, आणि खास प्रोग्रॅम मागे सावकाश तयार होईपर्यंत वेळ मारून नेतो. डॉल्फिनच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये हायब्रिड उबरशेडर निवड. याला मात्र बऱ्यापैकी कार्ड लागतं. वेगळं कार्ड नसेल तर निदान रॅमच्या दोन पट्ट्या लाव. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि एका पट्टीवर ते उपाशी राहतं.

कुणी तुला स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप दाखवील. वजनाला हलका, बॅटरी दिवसभर, कॉलेजला उत्तम. पण त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा, आणि विंडोजचे जवळपास सगळे गेम इंटेल जातीसाठी लिहिलेले. २०२४ पासून विंडोज ११ मध्ये प्रिझम नावाचा दुभाष्या हे काम करतो आणि चांगलं करतो. तरी प्रोसेसरवर जोर देणारा गेम तिथे मार खातो. ज्या गेमचं पहारा देणारं अँटिचीट विंडोजच्या गाभ्यात ड्रायव्हर म्हणून बसतं, तो तर चालतच नाही, कारण ड्रायव्हर असा भाषांतर करून चालवता येत नाही. कंपनीने एआरएमसाठी वेगळा ड्रायव्हर दिला तरच.

मग ॲपलचा एआरएम जातीचाच एम-वन २०२० मध्ये आला तेव्हा इंटेलचे प्रोग्रॅम त्यावर इतके झकास कसे चालले? यामागचं कारण मला फार आवडतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एका कोअरने मेमरीत लिहिलेल्या गोष्टी दुसऱ्या कोअरला त्याच क्रमाने दिसतात. एआरएमला हा क्रम बदलायची मोकळीक असते. इंटेलसाठी लिहिलेले गेम त्या शिस्तीवर विसंबून असतात, म्हणून भाषांतर करताना जागोजाग थांबे घालावे लागतात आणि प्रत्येक थांबा वेळ खातो. ॲपलने आपल्या चिपमध्येच इंटेलच्या शिस्तीने चालायची सोय ठेवली, त्यामुळे रोझेटाला, म्हणजे ॲपलच्या दुभाष्याला, ते थांबे लागत नाहीत. शिवाय रोझेटा बराचसा प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडतानाच भाषांतर करून ठेवते, म्हणून पहिल्या वेळी तो उशिरा उघडतो, पुढे नाही. ॲपलला याचा सराव जुना, १९९४ आणि २००६ मध्येही त्यांनी प्रोसेसरची जात बदलली होती. मात्र मॅकओएस २७ नंतर रोझेटा फक्त काही जुन्या गेमपुरती उरेल असं त्यांनी २०२५ मध्ये सांगितलंय, ते लक्षात ठेव. आणि २०१९ च्या कॅटलिनापासून मॅकचे ३२ बिटचे जुने गेम उघडतच नाहीत.

एआरएमच्या मशीनवर इम्युलेटर घेताना तो एआरएमसाठीच बांधलेला घे. डॉल्फिनचा तसा मिळतो. इंटेलचा घेतलास तर गेम आधी इंटेलच्या भाषेत येणार आणि तिथून एआरएमच्या, म्हणजे भाषांतराचं भाषांतर. गेम चालतो, पण वेग दोनदा कापला जातो.

लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं वाइन या पंक्तीतलं नाहीच. ते १९९३ पासूनचं आहे आणि प्रोसेसरच्या सूचनांना हातही लावत नाही. गेम विंडोजकडे जे मागतो ते लिनक्सकडून मिळवून देतं, एवढंच. व्हाल्व्हने २०१८ मध्ये त्यावर प्रोटॉन बांधलं, डीएक्सव्हीके डायरेक्टएक्सच्या सूचना व्हल्कनमध्ये बदलतं, आणि २०२२ चा स्टीम डेक त्यावरच उभा आहे. वेगात फारसं नुकसान नाही. अडतं ते अँटिचीटपाशी. व्हॅलोरंट लिनक्सवर नाही म्हणजे नाही.

ब्लूस्टॅक्सवर फोनचे गेम खेळणार असशील तर टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा, खाली व्हर्च्युअलायझेशन लिहिलेलं दिसेल. तिथे डिसेबल्ड असेल तर बायोसमध्ये जाऊन चालू कर, एएमडीच्या मदरबोर्डवर त्याला एसव्हीएम म्हणतात. एवढ्या एका स्विचवर किती मशिनी माझ्याकडे "स्लो झालंय" म्हणून आल्या असतील!

तुझ्या बाबांना प्रिन्स ऑफ पर्शिया लावून द्यायचा असेल तर डॉसबॉक्स हा जुन्या डॉसचा इम्युलेटर घे. कंट्रोल धरून एफ१२ दाबलं की वेग वाढतो, एफ११ ने उतरतो. जास्त म्हणजे चांगलं असं तिथे नसतं. काही जुने गेम प्रोसेसरच्या वेगावरच घड्याळ मोजायचे, म्हणून २८६-३८६ च्या डब्यावर वेग उतरवायला टर्बोचं बटण असायचं. आवाज फाटायला लागला की समज, वेग तुझ्या मशीनला झेपेनासा झालाय, आणि दोन पायऱ्या खाली ये.

वेग शिल्लक उरला तर तोही वाया घालवू नकोस. अनेक इम्युलेटर एकाच ठिकाणी चालवणाऱ्या रेट्रोआर्चमध्ये २०१८ पासून रनअहेड आहे. इम्युलेटर पुढचं चित्र आधीच काढून बघतो आणि बटण दाबल्यापासून मारिओ उडी मारेपर्यंतचा उशीर कमी करतो. त्याला प्रोसेसरचं काम जवळपास दुप्पट होतं, पण जुन्या गेमना परवडतं. आर्केडचे गेम खेळणार असशील तर ॲडॅप्टिव्ह सिंकवाला पडदा घे. मॉर्टल कॉम्बॅटचं मशीन सेकंदाला ५४.७ चित्रं काढायचं, ६० च्या पडद्यावर ती एकसारखी बसत नाहीत आणि स्पीड १०० टक्के असूनही हलका झटका जाणवत राहतो.

गेम स्वतःच्या डिस्कवरून काढून घे. प्लेस्टेशनचं बायोस म्हणून कुणी झिप फाइल पाठवली तर उघडू नकोस. आणि इम्युलेटर अपडेट करायच्या आधी गेममध्ये जाऊन मेमरी कार्डावर सेव्ह कर. इम्युलेटरचं स्वतःचं सेव्ह स्टेट नवीन व्हर्जनमध्ये पुष्कळदा उघडत नाही, मेमरी कार्ड उघडतं.